अडतिसातले एकोणतीस

१

गुरुवारी सकाळी प्राचार्य उदय टिपणीसांचा निरोप आला तेव्हा ग्रंथपाल शालू सोनकांबळेला वाटलं, वाचनालयातल्या बंद पंख्यांचा अर्ज अखेर मंजूर झाला. ती हसतच केबिनमध्ये शिरली. आत रश्मी कर्णिक उभी होती. समोर तीन खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी ती बसली नव्हती. शालूचं हसू तिथंच मावळलं.

टिपणीसांनी टेबलावरून एक कागद पुढे सरकवला. तो शालूनंच दिलेला दाखला होता. तारीख अकरा फेब्रुवारी, खाली तिची सही आणि गोल शिक्का. डॉ. रश्मी कर्णिक यांच्या मिठागरांवरच्या निबंधाला आजअखेर अडतीस सायटेशन आहेत आणि ती मी स्वतः तपासली आहेत, असं त्यात लिहिलं होतं.

सायटेशन ही तशी साधी गोष्ट. दुसऱ्या कुणा अभ्यासकानं आपल्या निबंधात तुमच्या निबंधाचा आधार घेतला आणि शेवटच्या संदर्भसूचीत तुमचं नाव लिहिलं, की झालं एक सायटेशन. इंटरनेटवर एक शोधयंत्र आहे. ते जगभरचे निबंध वाचत फिरतं आणि कुणाचा आधार कितींनी घेतला ते मोजून दाखवतं. प्राध्यापकाची कायम नोकरी मिळवायची तर त्या आकड्याला फार वजन.

टिपणीसांनी कॉम्प्युटरचा पडदा शालूकडे वळवला. निबंध तोच, नाव तेच, आणि त्याखाली आकडा होता नऊ.

सोमवारी अकरा वाजता मुलाखत होती. अकरा वर्षं कंत्राटावर शिकवणाऱ्या रश्मीसाठी ही पहिली कायम जागा, आणि वयाच्या अटीमुळे शेवटचीही. टिपणीस आवाज न चढवता बोलत होते, त्याचीच जास्त भीती वाटत होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. रश्मीनं आकडा चुकला असं लिहून देऊन अर्ज मागे घ्यावा, मग प्रकरण इथंच संपेल. नाही घेतला, तर खोटी माहिती दिली म्हणून तिची चौकशी आणि खोटा दाखला दिला म्हणून शालूची.

अर्जाच्या कोपऱ्यात त्यांनी लाल शाईनं शेराही मारून ठेवला होता : आकडा असत्य.

"सर, मी एकेक मोजलं होतं," शालू म्हणाली.

"मग एकोणतीस निबंध गेले कुठे, सोनकांबळेबाई? पाय फुटले त्यांना?"

२

वाचनालयात आल्यावर रश्मीनं पर्समधून एक लिफाफा काढला. अर्ज मागे घेत असल्याचं पत्र तिनं आधीच लिहून ठेवलं होतं, फक्त सही बाकी होती. बेव्हर्ली पार्कच्या घरी कुणाला काही कळू द्यायचं नाही, एवढंच ती पुन्हापुन्हा सांगत होती. सासूबाईंनी सोमवारसाठी पेढ्यांची ऑर्डरसुद्धा देऊन ठेवली होती म्हणे.

"शालूताई, तुमच्यावर बालंट नको. मी देते लिहून."

"थांबा हो. चोर सापडायच्या आधी आपणच कशाला पोलीस चौकीत जाऊन बसायचं?"

आता शालूची एक खोड होती. तिचे वडील लातूरहून येऊन भाईंदर पूर्वेला गोदामात कारकून झाले, आणि कुठलाही माल नुसता आकड्यात न लिहिता नावानिशी लिहायचा, ही सवय त्यांनी लेकीला लावली. त्यामुळे फेब्रुवारीत तिनं नुसते अडतीस मोजले नव्हते. अडतीसच्या अडतीस निबंधांची नावं, लेखक आणि नियतकालिक, असा सगळा तक्ता तिच्या फाइलीत लावलेला होता.

दोघींनी पडद्यावरची नऊ नावं तक्त्यात खोडली. उरलेल्या एकोणतीस नावांवरून शालूनं बोट फिरवलं, आणि दहाव्या नावापाशीच ते थबकलं. पुढचं बघायचीही गरज नव्हती. एकूण एक निबंध 'खाडीकाठ'मधला होता.

'खाडीकाठ' हे राई गावातून निघणारं त्रैमासिक. तिथले निवृत्त शिक्षक सीताराम भोईर यांनी बावीस वर्षांपूर्वी ते सुरू केलं. खाडी, मासेमारी, मीठ, भातशेती यांवर कुणी अभ्यास केला की तो तिथंच छापून यायचा, कारण दुसरं कुणी छापायचंच नाही. पुढे सरांनी सगळे लेख वेबसाइटवर चढवले, तेव्हापासून कॉलेजनं छापील अंक घेणंही बंद केलं. गेल्या वर्षी मार्चमध्ये सर वारले. त्यांच्या पत्नी मनोरमाकाकी कशीबशी गाडी ओढत होत्या.

शालूनं वेबसाइट उघडली. लेख काढून टाकले असतील असा तिचा अंदाज होता. पण सगळे जागच्या जागी होते. तिनं यादीतला पहिला उघडला. आधी हार घातलेला सरांचा फोटो आला. शालूनं नकळत हात जोडले आणि पान खाली सरकवलं. लेख होता. शेवटी संदर्भसूची होती. सूचीत चौथ्या क्रमांकावर रश्मी कर्णिक हे नाव स्वच्छ दिसत होतं. दुसरा उघडला, पाचवा उघडला, अकरावा उघडला. सगळीकडे तेच.

निबंध आहे, सूची आहे, सूचीत नाव आहे. तरी शोधयंत्र म्हणत होतं की असं काही नाहीच.

रश्मी म्हणाली, की एप्रिलमध्ये स्टाफरूममध्ये नीरज साळवी तिला सहज म्हणाला होता, "मॅडम, सायटेशनचं काय घेऊन बसलात? आज आहेत, उद्या नसतील."

त्याच कायम जागेसाठी दुसरा अर्ज नीरजचा होता.

३

नीरज कॅन्टीनमध्ये सापडला. समोर वडापाव, हातात मोबाइल. शालू समोर बसली आणि इकडचं तिकडचं न बोलता त्याला विचारलं, की एकोणतीस निबंध गायब होणार हे त्याला महिनाभर आधी कसं कळलं.

तो आधी हसला. मग त्यानं वडापाव बाजूला ठेवला. मग म्हणाला, की तुम्ही ग्रंथपाल आहात, तुमची पुस्तकं मोजा. शालू उठली नाही. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. परत न आलेल्या पुस्तकाबद्दल पोरांकडे ती जशी बघते, तशी.

शेवटी त्यानं मोबाइल तिच्यापुढे धरला. पडद्यावर त्याचा स्वतःचा निबंध होता, खाडीतल्या मासेमारीवरचा. त्याचा आकडा होता सहा.

"मार्चपर्यंत एकवीस होते," तो म्हणाला. "माझेही गेले, ताई. म्हणून अर्जात मी तो रकानाच कोरा ठेवला."

"आणि रश्मीला सांगितलं नाहीस."

वडापाव गार होत होता. थोड्या वेळानं त्यानं कबूल केलं की सांगायला हवं होतं. पण जागा एक आणि माणसं दोन, तिचा अर्ज आपोआप पडत असेल तर पडू दे, असं त्याच्या मनात आलं होतं. शालूला त्याचा राग आला. पण राग बाजूला ठेवून तिनं विचार केला. जो माणूस स्वतःचीच पंधरा सायटेशन गमावून बसलाय, तो चोर कसा असेल? तो नुसता गप्प बसला होता. तो गुन्हा वेगळा.

त्याचे पंधरा कुठल्या नियतकालिकातले, हे तिनं विचारलं, पण उत्तर तिला माहीत होतं. तेसुद्धा 'खाडीकाठ'चेच.

म्हणजे रश्मीवर कुणाचा डाव नव्हताच. अख्ख्या त्रैमासिकालाच कुणीतरी अदृश्य केलं होतं, आणि तेही मार्चमध्ये.

"वेबसाइट कोण बघतं?" तिनं विचारलं.

"हंसाबेन. केबिन रोडला त्यांचं दुकान आहे. मी गेलो होतो विचारायला. त्यांनी मला उभंसुद्धा केलं नाही. काय लपवतायत कुणास ठाऊक."

४

केबिन रोडच्या गर्दीत हंसाबेनचं दुकान म्हणजे एक झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर आणि भिंतभर लग्नपत्रिकांचे नमुने. हंसाबेन पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. शालूनं 'खाडीकाठ'चं नाव काढताच त्या फणकारल्या. तो साळवीसाहेब येऊन फाइल उडवली, फाइल उडवली करून ओरडायला लागला, म्हणून त्याला हाकललं, म्हणाल्या. वीस वर्षांत गिऱ्हाइकाचा एक कागद हरवला नाय, मैं क्यों उडाऊँगी?

शालूनं सबुरीनं घेतलं. बाकड्यावर बसली, मागवलेला चहा प्यायली, आणि मार्चमध्ये काही काम केलं होतं का एवढंच विचारलं.

केलं होतं. चांगलं आठवडाभर केलं होतं. सरांचं वर्षश्राद्ध होतं, आणि मनोरमाकाकींनी स्वतः दुकानात येऊन काम सांगितलं होतं. एकशे अठरा लेख, म्हणजे एकशे अठरा फाइली, त्या एकेक उघडून हंसाबेननं नव्यानं चढवल्या होत्या.

"पण काढलं काय?"

"काही नाय काढलं, शालूबेन. उलटा वाढवून दिलं." हंसाबेननं भिंतीवरच्या एका पत्रिकेवर बोट ठेवलं. "हे बघा. आमच्यात पत्रिकेत पहिलं नाव कुलदेवीचं. मग घरातले जे मोठे गेले त्यांचं. नवरानवरी सगळ्यात शेवटी. बडों का मान पहले, बराबर ना?"

शालू बराबर म्हणाली, आणि काहीच हाती न लागल्यासारखी बाहेर पडली. दहा पावलं गेली असेल नसेल. मग ती एका साड्यांच्या दुकानाच्या पायरीशी उभी राहिली, मोबाइल काढला, आणि शोधयंत्रात रश्मीचं नाव न टाकता, नीरजचंही न टाकता, पहिल्यांदाच तिसरं नाव टाकलं. सीताराम भोईर.

उन्हात पडदा नीट दिसेना, म्हणून तिनं हाताची सावली धरून पुन्हा वाचलं.

सरांना जाऊन चौदा महिने झाले होते. आणि त्यांचा नवा निबंध दोन महिन्यांपूर्वी प्रसिद्ध झाला होता.

५

त्या निबंधाचं नाव होतं 'प्रथम स्मृतिदिनी भावपूर्ण आदरांजली'. लेखकाच्या जागी सीताराम भोईर. आणि खाली बारीक अक्षरांत : उपलब्ध प्रती, एकशे अठरा.

शालू तिथंच पायरीवर बसली. तिला सगळं दिसलं. हंसाबेननं प्रत्येक फाइलीत वाढवलेलं पहिलं पान ते हेच होतं, सरांचा फोटो आणि नाव असलेलं.

वाचनालयात नवं पुस्तक आलं की नोंद करणारा अख्खं पुस्तक वाचत नाही. तो पहिलं पान उघडतो, नाव आणि लेखक उतरवतो. आता समजा एकशे अठरा वेगवेगळ्या पुस्तकांना कुणी सारखंच पहिलं पान चिकटवलं, आणि नोंदीला बसवला एक नवा, बिनडोक कारकून. तो काय करेल? एकाच पुस्तकाच्या एकशे अठरा प्रती आल्या असं लिहील. एक फळीवर ठेवील, बाकीच्या गठ्ठा बांधून माळ्यावर टाकील. आतल्या संदर्भसूच्या बघायचा प्रश्नच नाही. शोधयंत्र नेमका तसला कारकून होता.

माणसाला ते पान अडत नव्हतं. माणूस फोटो बघतो, हात जोडतो आणि पुढे जातो. तिनंही तेच केलं होतं. यंत्राला हात जोडता येत नाहीत. ते तिथंच थांबलं होतं.

चोर कुणीच नव्हता. एका बाईनं आपल्या नवऱ्याला पहिला मान दिला होता, आणि त्या एका पानाखाली एकशे अठरा अभ्यासक झाकले गेले होते.

शुक्रवारी तिनं टिपणीसांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी विचारल्या. पान काढलं तर सोमवारपर्यंत आकडा परत येईल का? नाही, यंत्र आपल्या सवडीनं फिरतं, त्याला महिनाही लागेल. आणि वेबसाइटवरच्या फाइली मार्चमध्ये बदलल्यात हे शालू स्वतःच सांगते, मग त्यांत रश्मीचं नाव मागाहून घुसवलेलं नाही कशावरून?

"छापील अंक आणा," ते म्हणाले. "छापलेलं कुणाला बदलता येत नाही."

कॉलेजनं बंद केल्यानंतरचे छापील अंक फक्त एका घरात होते. शनिवारी शालू राईला गेली.

मनोरमाकाकी ओट्यावर सुकट निवडत होत्या. शालूनं शक्य तितक्या हळुवारपणे सगळं सांगितलं. काकींचे हात आधी मंद झाले, मग थांबले.

"पयल्या पानावं फोटो मीच लावाला सांगला," त्या म्हणाल्या. "लोकां येतान, वाचतान, निंगून जातान. यांचा नाव कोन घेत न्हाय. बावीस वरसां यांनी घराकडं बघला न्हाय, त्या पुस्तकासाठी. मंग पयलं यांना बघा, मंग वाचा. चुकला काय माझा?"

"नाही काकी. तुमचं काही चुकलं नाही."

"मंग तुमच्या मशिनीला मानूस कलत न्हाय, त्याला मी काय करू? फोटो न्हाय निंगनार."

शालूनं फोटोबद्दल पुन्हा शब्द काढला नाही. तिनं फक्त अंक मागितले, दोन दिवसांसाठी. काकींनी मान हलवली. सर गेल्यावर कुणीकुणी अंक नेले होते, ते परत आले नव्हते. आता एकही अंक उंबऱ्याबाहेर जाणार नव्हता.

एकोणतीस निबंधांची यादी, अंक आणि पानांच्या क्रमांकांसकट, शालूनं ओट्यावर ठेवली आणि वर वाऱ्यानं उडू नये म्हणून एक दगड ठेवला. काकींनी त्या कागदाकडे बघितलंही नाही.

६

सोमवारी अकराला पाच कमी असताना रश्मीनं लिफाफा उघडला आणि पत्रावर सही केली. शालूनं तिला अडवलं नाही. अडवायला हातात काही नव्हतं. स्वतःच्या चौकशीला ती तयार होती. पण रश्मी खोटं बोलली असं कायमचं लिहिलं जाणार, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

केबिनमध्ये टिपणीस आणि विद्यापीठाचे दोन सदस्य बसले होते. नीरजची मुलाखत आधी झाली होती, पण तो गेला नव्हता, दाराशी घुटमळत होता. रश्मीनं पत्र टेबलावर ठेवलं. टिपणीस ते उचलणार, एवढ्यात बाहेर शिपायाचा आवाज चढला, आणि त्याच्यावर एका बाईचा.

दार उघडलं. मनोरमाकाकी आत आल्या. मागे हंसाबेन, दोघींच्या हातात दोन-दोन जड पिशव्या. घामानं काकींचं कपाळ भिजलं होतं. त्यांनी कुणाला नमस्कार केला नाही. टेबलावरचं रश्मीचं पत्र बाजूला सारलं आणि पिशवी रिकामी करायला घेतली.

"मी मनोरमा सीताराम भोईर," त्या म्हणाल्या. "ही बाई खोटी न्हाय. हिचा नाव मी झाकला. मना ठावं नव्हता, पन झाकला मीच. आता मोजा."

प्रत्येक अंकात लाल दोऱ्याची खूण घातलेली होती. शालूला कळेना, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं पानं शोधली कशी. हंसाबेन हळूच म्हणाल्या, की रविवारी काकींनी त्यांना राईला बोलावून घेतलं, शालूची यादी पुढ्यात टाकली, आणि एकोणतीसच्या एकोणतीस संदर्भसूच्या मोठ्यानं वाचून घेतल्या. रश्मी कर्णिक हे नाव ऐकल्याशिवाय काकी पुढच्या अंकाला हात लावू देत नव्हत्या.

टिपणीसांनी चष्मा लावला. पहिला अंक उघडला, खुणेचं पान काढलं, ओळीवरून बोट फिरवलं. छपाईचं वर्ष बघितलं. "एक," ते म्हणाले.

दुसरा अंक त्यांनी शेजारच्या सदस्याकडून तपासून घेतला. तिसरा पुन्हा स्वतः. विसाव्या अंकानंतर दाराशी उभा असलेला नीरज आत आला आणि तपासलेले अंक नीट एकावर एक रचू लागला. त्यातल्या कितीतरी अंकांत त्याच्याही निबंधाचा आधार घेतलेला होता. पण त्यानं आपलं नाव काढलं नाही. रश्मीकडे बघायचंही त्यानं टाळलं.

"एकोणतीस," टिपणीस म्हणाले.

पडद्यावर अजूनही नऊच होते. त्यांनी त्याकडे एकदा बघितलं. मग रश्मीचा अर्ज ओढला आणि लाल शाईतला स्वतःचाच शेरा एका रेघेनं खोडला. शेजारी लिहिलं : छापील अंकांवरून पडताळले, आकडा अडतीस, बरोबर. खाली सही केली. तो कागद त्यांनी आधी शालूपुढे धरला, तिला वाचता यावा म्हणून. शालूनं वाचला. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे दोनदा वाचावा लागला.

काकी हंसाबेनकडे वळल्या. "फोटो शेवटच्या पानावं घे," त्या म्हणाल्या. "सगल्या. एकशे अठरा."

"काकी, तुम्हांला वाईट..." शालूनं सुरुवात केली.

"वाईट वाटतं ना. न्हाय कसं वाटनार? पन लोकांची नावं झाकून यांना कसला मान? यांनाच पटला नसता."

टिपणीसांनी घसा साफ केला. रश्मीचं पत्र अजून टेबलाच्या कोपऱ्यात पडलं होतं. ते त्यांनी न वाचता तिच्या हातात परत दिलं आणि समोरच्या खुर्चीकडे हात केला.

"बसा, डॉक्टर कर्णिक. मिठागरांत राबणाऱ्या बायकांवर काम करावं असं तुम्हांला का वाटलं, तिथून सुरू करूया."

गुरुवारपासून पहिल्यांदाच रश्मी त्या केबिनमध्ये बसली. तिनं क्षणभर विचार केला आणि बोलायला लागली. पहिल्या वाक्यात आवाज कापत होता, तिसऱ्यात नव्हता. मनोरमाकाकी रिकाम्या पिशव्या मांडीवर घेऊन शेजारच्या खुर्चीत ऐकत बसल्या होत्या. मुलाखत चालू असताना परक्या माणसानं आत बसायचं नसतं, पण हे त्यांना सांगायचं कुणाच्या मनात आलं नाही.